न्यू जर्सीची गाडी टेक्सासला: ट्रक ठरवण्यापासून नव्या नंबर प्लेटपर्यंत

एडिसनहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला जायचं म्हणजे रस्त्याने साधारण दीड हजार मैल. दोघं आलटूनपालटून चालवणार असतील तर गाडी खुशाल स्वतः न्यावी. आमच्याकडे दोन गाड्या होत्या, म्हणून एक ट्रकवर चढवली.

सगळं घोडं अडतं ते दराशी. फोनवर जे बोलतात ते बहुतेक ब्रोकर. त्यांचा स्वतःचा ट्रक नसतो. ते तुमची गाडी लोड बोर्डावर, म्हणजे ट्रकवाले माल शोधतात त्या ऑनलाइन यादीवर लावतात (सेंट्रल डिस्पॅच हा त्यातला सगळ्यात मोठा): इथून उचला, तिथे सोडा, इतके डॉलर. ट्रकवाला आपल्या वाटेवरच्या गाड्या बघतो आणि मैलामागे चांगले पैसे देणाऱ्या आधी घेतो. मला एकाच दिवशी ७५० पासून १,४०० डॉलरपर्यंत दर सांगितले गेले. मी ७५० ला ‘हो’ म्हटलं आणि गाडी पाच दिवस जागची हलली नाही. मग फोन आला, ‘ड्रायव्हर मिळत नाहीये, थोडे वाढवता का?’ दुसऱ्या ब्रोकरकडे १,१५० ला दिली, तर दुसऱ्याच दिवशी ट्रक ठरला. तेव्हा दर विचारताना एकच प्रश्न टाकायचा: यातले तुमचे किती आणि ट्रकवाल्याला किती? उत्तर द्यायला जो कां-कूं करतो, त्याला सोडून द्यावं. ट्रक ठरायच्या आधी डिपॉझिटही देऊ नये. आणि दर सांगणाऱ्या वेबसाइटवर नेहमीचा फोन नंबर टाकू नका. दहा मिनिटांत फोन सुरू होतात ते आठवडाभर थांबत नाहीत.

ट्रकवाल्याचं नाव कळलं की फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या ‘सेफर’ साइटवर त्याचा डॉट नंबर (वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) घालून परवाना चालू आहे का ते बघायचं. ब्रोकरचा ७५,००० डॉलरचा बाँड (हमी) असतो, त्यावर विसंबू नका; तो ट्रकवाल्यांचे किंवा गिऱ्हाइकाचे पैसे बुडाले तर कामाला येतो. तुमच्या गाडीवरच्या ओरखड्याची भरपाई ट्रकवाल्याच्या कार्गो इन्शुरन्समधून होते. त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, कव्हर किती आणि डिडक्टिबल (भरपाईतून आधी वजा होणारी रक्कम) किती ते वाचा. गारपीट वगैरे नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली असू शकते, आणि उत्तर टेक्सासात मार्च ते मे हा गारांचाच मोसम. तेव्हा आपल्या पॉलिसीतलं कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर (गारपीट, चोरी अशा टक्कर सोडून इतर नुकसानीचं) गाडी पोचेपर्यंत चालू ठेवायचं. चहूबाजूंनी झाकलेल्या ट्रकचे जादा पैसे मला साध्या सेडानसाठी वाया वाटतात.

‘तीन दिवसांत पोचवतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ड्रायव्हरला १४ तासांच्या पाळीत ११ तासच चालवायची मुभा असते, त्याची नोंद ट्रकमधल्या उपकरणात आपोआप होते, शिवाय वाटेत इतर गाड्यांची चढउतार. चार ते सहा दिवस धरून चाला.

आता गाडी सोपवण्याचा दिवस. ट्रक ७५-८० फुटी, अपार्टमेंटच्या आवारात वळत नाही; जवळच्या मोठ्या दुकानाचं पार्किंग ठरवा. आदल्या दिवशी गाडी धुवून घ्यायची, कारण धुळीखालचे ओरखडे फोटोत दिसत नाहीत. चारही बाजू, छत, समोरची काच, प्रत्येक चाकाची रिम, ओडोमीटर, सगळ्यांचे फोटो उजेडात काढा. पेट्रोल पाव टाकी पुरे. ई-झेडपासचा (टोल आपोआप कापणारा) टॅग काढून खिशात ठेवा, नाहीतर ट्रकवर बसलेली गाडी टोलच्या कमानीखालून जाते आणि टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. डिकीत सामान भरायचा मोह होतो. बरेच ट्रकवाले शंभर पौंडांपर्यंत चालवून घेतात, पण त्याला विमा नसतो. तांब्या-पितळेची भांडी आणि मिक्सर दुसऱ्या गाडीतून न्या.

ड्रायव्हर गाडीभोवती फिरून बिल ऑफ लेडिंगवर (गाडी ताब्यात घेतल्याच्या पावतीवर) खुणा करतो. त्याच्याबरोबर फिरा. एक पोचा असेल आणि त्याने ‘अनेक ओरखडे’ लिहिलं, तर सहीच्या आधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढे भांडायचं ते याच कागदावर. उतरवतानाही तेच. आमचा ट्रक रात्री साडेनऊला आला, म्हणून टॉर्च घेऊन बंपरच्या खालची कड आणि छत बघितलं. आमची गाडी खालच्या मजल्यावर होती आणि वरच्या गाडीचं तेल बॉनेटवर ठिबकलेलं. ते पुसून जातं, पण कागदावर लिहूनच सही केली. नुकसान न लिहिता सही दिली तर क्लेम फार अवघड होतो. कायद्याने क्लेम करायला किमान नऊ महिने मिळतात, तरी त्याच आठवड्यात लिहून पाठवा. उरलेले पैसे ड्रायव्हरला बहुधा रोख किंवा कॅशिअर्स चेकने (बँकेने स्वतः काढलेल्या चेकने) द्यावे लागतात. ते आधीच विचारून ठेवा.

टेक्सासात राहायला आल्यापासून रजिस्ट्रेशनला ३० दिवस मिळतात, लायसन्सला ९०. क्रम महत्त्वाचा. आधी टेक्सासचा इन्शुरन्स (किमान ३०/६०/२५, म्हणजे हजार डॉलरमध्ये एका जखमी माणसामागे, एका अपघातातल्या सगळ्या जखमींमागे आणि मालमत्तेच्या नुकसानीला), मग एमिशन टेस्ट (धुराची तपासणी), मग काउंटी टॅक्स ऑफिस. सेफ्टी इन्स्पेक्शन खासगी गाड्यांना १ जानेवारी २०२५ पासून राहिलेलं नाही, पण एमिशन डॅलस, कॉलिन, हॅरिस, ट्रॅव्हिस अशा मोठ्या काउंट्यांत लागतंच. ऑफिसात न्यायचं ते: १३०-यू फॉर्म (टायटल-रजिस्ट्रेशनचा अर्ज), टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), इन्शुरन्स, ओळखपत्र. कर्ज असेल तर टायटल बँकेकडे असतं. तेव्हा १३०-यू फॉर्मवरच टायटल न बदलता फक्त रजिस्ट्रेशन करायचा पर्याय आहे. सव्वासहा टक्के विक्रीकर ऐकून दचकायला नको: गाडी आधीच्या राज्यात तुमच्याच नावावर असेल तर नव्या रहिवाशाला ९० डॉलरच पडतात. त्यावर रजिस्ट्रेशनचे ५०.७५, टायटलचे काउंटीप्रमाणे २८ किंवा ३३, आणि काही किरकोळ फी.

नव्या प्लेट लागल्या की न्यू जर्सीच्या जुन्या प्लेट तिथल्या मोटर व्हेइकल कमिशनला परत करायच्या, पोस्टाने चालतं. जुना इन्शुरन्स त्यानंतरच बंद करायचा. आधी केला तर प्लेट तुमच्या नावावर आणि विमा नाही असं दिसतं, आणि रजिस्ट्रेशन-लायसन्स सस्पेंड झाल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं.