तुला सोयीचं पडेल तिथं लाव

नवे घर लावताना पुणेकर कशाकशाचा विचार करत नाही? देवघर ईशान्येला हवे, शेगडी आग्नेयेला हवी, झोपताना डोके दक्षिणेला यायला हवे, आणि फ्रीजचे दार डावीकडे उघडावे की उजवीकडे यावर तर घरात दोन तट पडलेले असतात. परंतु ज्या वस्तूवर घरून चालणारी नोकरी, नातवंडांचा अभ्यास, परदेशातल्या लेकीशी रोजचे बोलणे आणि आजींची मालिका हे सारे अवलंबून असते, त्या वायफायच्या डब्याची जागा घरातले कोणीही ठरवत नाही. ती ठरवतो तार टाकायला आलेला मुलगा. तो ड्रिल हातात धरून विचारतो, “काका, डबा कुठं बसवू?” आणि एरवी चपलांच्या कपाटाच्या उंचीबद्दलही ठाम मत असणारे काका सांगतात, “तुला सोयीचं पडेल तिथं लाव.”

त्याची सोय कशात असते, हे उघड आहे. तार डक्टमधून किंवा बाल्कनीच्या कडेने येते, त्यामुळे भोक जितके जवळ पाडता येईल तितके त्याचे काम लवकर आटोपते, आणि त्याला तासाभरात पौड रस्त्यावरून बाणेरला पोहोचायचे असते. म्हणून आपल्याकडे राउटर सापडतो तो मुख्य दाराच्या चौकटीवर, टीव्हीच्या मागे, क्वचित माळ्यावर सुटकेसांच्या शेजारी. पुढे केव्हातरी सुतारकाम निघते आणि ‘ही वायर फार वाईट दिसते’ या तक्रारीवरून सुतार त्या डब्याभोवती सुबक लाकडी खण करून देतो. वर्षभराने इंटरनेट रुसले आणि फोनवरच्या बाईंनी “राउटरवरचा कोणता दिवा लाल आहे?” असे विचारले, की घरातल्या कोणालाच चटकन उत्तर देता येत नाही, कारण आधी राउटर शोधावा लागतो.

शोधण्याची खात्रीची रीत एकच : भिंतीतल्या सॉकेटपासून अडॅप्टरची वायर धरून मागे जायचे. त्यातही फायबर आलेल्या घरांत अनेकदा दोन डबे निघतात. ज्यात हिरव्या टोपणाची बारीक, धाग्यासारखी तार शिरते तो प्रकाशाचे संदेश विद्युत संदेशांत बदलणारा ओएनटी, आणि त्यातून निघालेली जाड लॅन केबल ज्यात जाते तो राउटर. बऱ्याच ठिकाणी हल्ली दोन्ही कामे एकच डबा करतो. ती बारीक तार काचेची असते, याचा विसर पडू नये. कोपऱ्यात ती काटकोनात मुडपली, की प्रकाश वळणावर गळतो आणि वेग घटतो किंवा जोडणीच तुटते. खिळ्याला गुंडाळून लोंबकळत ठेवलेली फायबर मी इतक्या घरांत पाहिली आहे, की तीही आता वास्तुशास्त्राचा भाग असावी असे वाटू लागले आहे. आणि ज्यांच्याकडे गुरुवारी वीज जाते म्हणून राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला आहे, त्यांनी ओएनटीलाही तो जोडला आहे ना हे पाहावे. नाहीतर अंधारात वायफायची सगळी रेघोटी दिसते, आणि इंटरनेट मात्र नसते.

जागेचा आग्रह धरावा असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. राउटर दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, दुसरीतल्या लहरीची सुमारे सहा. लांब लहर भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते पण माहिती कमी वेगाने नेते; आखूड लहर ती जास्त वेगाने नेते, पण एखाद-दुसऱ्या भिंतीत थकते. पेठांत अजून उभ्या असलेल्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींनी तिला अडवावे यात नवल नाही. नवल हे, की पुनर्विकासात उठलेल्या नव्याकोऱ्या इमारतींत, जिथे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून आतल्या भिंतीसुद्धा लोखंडी जाळीसकट उभ्या केलेल्या असतात, तिथे स्थिती कधी कधी वाड्याहून वाईट होते. शिवाय लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्याशी लहरींचे जमत नाही. आणि मायक्रोवेव्ह तर २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे पापड भाजून होईपर्यंत स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल अडखळला तर दोष प्लॅनचा नसतो. उभ्या अँटेनातून लहरी आडव्या दिशेने अधिक पसरतात, वर-खाली कमी. म्हणून घराच्या साधारण मध्यावर, माणसाच्या उंचीएवढ्या मोकळ्या फळीवर ठेवलेला डबा, माळ्यावर टाकलेल्या दुप्पट महागड्या डब्याला सहज मागे टाकतो. त्यासाठी दहा-बारा मीटर जास्त तार आणि भिंतीवर एक केसिंगपट्टी लागते. तेवढ्यासाठी त्या मुलाला चहा पाजून थांबवून घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

जागा मिळाली तरी राउटर अर्धाच सापडलेला असतो. त्याचा दुसरा पत्ता आकड्यांत असतो आणि तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा काहीसा निघतो. हा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत टाकला की राउटरचे स्वतःचे पान उघडते. कोथरूडमध्ये आणि धायरीत, सदाशिव पेठेत आणि साता समुद्रापलीकडेही असंख्य घरांचा हाच पत्ता कसा चालतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सोपे आहे : प्रत्येक घरात ‘आई’ अशी हाक मारली की त्या त्या घरातली आई ओ देते, आणि शेजारच्या आईचा त्यात गोंधळ होत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १९१८’ या क्रमांकाच्या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाने असे काही पत्ते केवळ घराच्या आणि कचेरीच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यांतलेच. जुन्या पद्धतीचे असे आकडी पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, एकूण ४२९ कोटींच्या आसपास, म्हणजे माणशी एकसुद्धा पुरणार नाही इतके. घरातले सगळे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप आत वेगवेगळे पत्ते घेऊन राहतात आणि बाहेर सगळे मिळून एकाच पत्त्याने व्यवहार करतात, म्हणून एवढ्यात भागले.

आपल्या डब्याचा नेमका पत्ता ओळखण्यासाठी अंदाज बांधण्याची गरज नसते. विंडोजच्या संगणकात कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) हा शब्द इंग्रजीत टाकला, की ‘डिफॉल्ट गेटवे’च्या पुढे तो दिसतो, आयफोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात ‘राउटर’ या नावाखाली आणि अँड्रॉइडमध्ये बहुधा ‘गेटवे’ या नावाखाली तो लिहिलेला असतो. तरीही पान उघडत नाही अशी तक्रार राहतेच, आणि तिची कारणे किरकोळ असतात. कोणी एकच्या जागी इंग्रजी एल टाकतो, कोणी पत्ता सर्च इंजिनाच्या चौकटीत लिहून पानभर जाहिराती वाचत बसतो. सर्वांत फसवे कारण फोनचे असते : वायफायला इंटरनेट नाही असे दिसताच तो गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो, आणि तिथून घरातला राउटर दिसणे शक्यच नसते. डेटा बंद केला की पान उघडते. ब्राउझर वर ‘सुरक्षित नाही’ असे बजावतो, त्याने दचकू नये. घरगुती राउटरच्या पानाला बाहेरच्या कोणी दिलेले प्रमाणपत्र बहुधा नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मग कुलूप येते. राउटर उलटा केला की तळाशी एक चिकटपट्टी दिसते आणि तिच्यावर युजरनेम व पासवर्ड छापलेले असतात. इथे दोन किल्ल्यांची गल्लत फार होते. वायफायचा पासवर्ड वेगळा, तो पाहुण्यांना द्यायचा. आणि या पानाचा पासवर्ड वेगळा, तो कोणालाही द्यायचा नसतो. जुन्या डब्यांत हा दुसरा पासवर्ड ‘ॲडमिन’ असाच असे, आणि कित्येक घरांत तो आजही तसाच आहे, कारण त्या मुलाने तो बदलला नाही आणि काकांना असे काही पान असते हेच ठाऊक नाही. म्हणजे दिवाळीला आलेल्या ज्या भाच्याला वायफाय दिले, त्याने मनात आणले तर काकांच्याच घरात काकांना इंटरनेटबाहेर ठेवता येते. भाचा असे करणार नाही. पण सगळेच भाचे नसतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कोणतीही अद्भुत विद्या वापरून नव्हे, तर कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहून. आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच्या जोरावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांचे काम काही तास विस्कळीत झाले. पुढे कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला, की सगळ्या नगांना सरसकट एकच पासवर्ड देऊन असे उपकरण विकता येणार नाही. माझ्या मते या पानात शिरून केवळ तो एक शब्द बदलला आणि बाकी कशालाही हात लावला नाही, तरी त्या दिवसाचे काम झाले.

हात लावायचाच असेल, तर सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ (वायफायवरचे बोलणे कुलूपबंद ठेवण्याच्या पद्धती) निवडलेले आहे का, हे पाहावे. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन वायफाय जोडू देणारी डब्ल्यूपीएस नावाची सोय मी बंद करतो. तिच्या आठ आकडी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरूनच ठरतो, त्यामुळे दिसायला कोट्यवधी असलेल्या शक्यता प्रत्यक्षात ११,००० वर येतात, हे २०११ सालीच उघड झाले आहे. बाहेरून राउटर चालवू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंद असावे. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे निघत असेल तर ते जरूर काढावे, कारण पाहुण्यांचा फोन घरच्या यंत्रांपासून दूर राहतो आणि ते गेले की ते जाळे मिटवता येते, पासवर्ड कसा परत मागायचा हा संकोच उरत नाही.

खरी रंगत नावाच्या रकान्यात आहे. दारावरच्या पाटीची परंपरा सांगणाऱ्या या शहरात वायफायची नावे कंपनीच्या नावापुढे चार-पाच निरर्थक अक्षरे, अशी असावीत हे मला पटत नाही. हे नाव एसएसआयडी म्हणून ओळखले जाते आणि त्याला ३२ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि हलन्तालासुद्धा सर्वसाधारणपणे तीन. त्यामुळे ‘पासवर्ड विचारू नये’ ही पाटी पन्नास बाइटांची होते आणि बसत नाही. ‘विचारू नये’ मात्र अठ्ठावीस बाइटांत बसते, आणि काय विचारू नये हे समोरच्याने ओळखावे, हीच मुळात या पाट्यांची रीत. काही राउटर देवनागरी नाव स्वीकारत नाहीत, आणि काही जुन्या यंत्रांवर ते चौकोन-चौकोन असे उमटते. तेवढी झळ सोसायची तयारी असावी. आडनाव आणि फ्लॅट क्रमांक नावात घालणे मला पसंत नाही. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते उमटते, आणि पत्ता सांगायला दाराबाहेर पाटी आहेच.

याच पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. ती वाचताना घरातले टीव्ही, दाराची बेल, सुनेचे घड्याळ, कोणाचा तरी जुना टॅब असे एकेक ओळखीचे होत जातात, आणि अनोळखी नाव दिसले की शेजाऱ्यांवर संशय घ्यायची ऊर्मी येते. ती आवरावी. २०१९-२० पासूनचे अँड्रॉइड आणि आयफोन आपला मूळ यंत्रक्रमांक लपवून प्रत्येक वायफायला वेगळाच सांगतात, त्यामुळे परका वाटणारा पाहुणा बहुतेक वेळा आपलाच फोन असतो. वरच्या मजल्यावरच्या मंडळींशी पाण्याच्या गळतीवरून आधीच अबोला असेल, तर घरातला एकेक फोन बंद करून नोंद नाहीशी होते का, हे आधी पाहावे.

राहता राहिले ते मागचे बारीक भोक. पासवर्ड बदलून विसरला, तर टाचणीने आतले बटण दहाएक सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, हे सगळे सांगतात. पण पुढचे कोणी सांगत नाही. अनेक जोडण्यांत कंपनीने दिलेले पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्यासाठी लागणारे, युजरनेम आणि पासवर्ड त्या मुलाने राउटरमध्ये भरून ठेवलेले असतात. टाचणीबरोबर तेही पुसले जातात, आणि फोनवर वायफाय तर दिसते पण बाहेरचे एक पानही उघडत नाही. म्हणून टाचणी हातात घेण्याआधीच, म्हणजे आत शिरता येत आहे तोवर, ‘वॅन’ नावाच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानाचा फोटो काढून ठेवावा. त्या पानावर पासवर्डाच्या जागी बहुधा नुसते ठिपके दिसतात, तेव्हा तो कंपनीला फोन करून विचारून घ्यावा आणि राउटरच्याच तळाला, त्या चिकटपट्टीशेजारी, दुसऱ्या कागदावर लिहून चिकटवावा. जालावरच्या चोराला राउटर उलटा करून पाहता येत नाही, आणि ज्याला येतो तो घरातलाच असतो.