पेज उतू गेली आणि ज्योत पिवळी झाली

आमच्याकडे देवगडला सकाळी पेज असतेच, आणि मीठ घालून गॅसवर ठेवली की कुणाचं ना कुणाचं लक्ष चुकतं आणि ती उतू जाते. परवा भाची आलेली सुट्टीला, नववीत आहे, ती समोर उभी असतानाच पेज उतू गेली आणि निळी ज्योत एकदम पिवळीधमक झाली. आई मागल्या दारातून ओरडली, "गो चेडवा, गॅस बारीक कर!" पण ही तशीच बघत उभी. "मामा, हा पिवळा कुठनं आला?"

म्हटलं, मिठातल्या सोडियमचा. तर लगेच म्हणाली, "सोडियम म्हंजे २, ८, १ ना, ते पाठ आहे मला." म्हंजे पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. आणि मी थांबलो, कारण २, ८, १ एवढंच धरून बसलं तर हा पिवळा रंग यायलाच नको.

म्हंजे बघा, रंग येतो तो इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना, दोन्हींत जेवढा फरक तेवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात एकटा आहे. ज्योतीच्या उष्णतेने तो वर चढतो आणि परत उतरतो, आता कुणालाही वाटेल की चौथ्या कवचात जाऊन येत असेल, पण नाही, तो तिसऱ्यातल्या तिसऱ्यातच असतो! ३एस मधून ३पी मध्ये जातो आणि परत ३एस मध्ये येतो, कवच तेच, फक्त उपकवच (कवचातला एस, पी, डी असा पोटभाग) वेगळं. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन एकच, तिथे ३एस, ३पी, ३डी तिन्ही जवळपास एकाच पातळीवर असतात, तिथून इलेक्ट्रॉन काढायला १.५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं माप) लागतात. सोडियममध्ये मात्र ३एस मधून काढायला ५.१४ लागतात, ३पी मधून ३.०४, आणि ३डी मधून फक्त १.५२, म्हंजे ३डी जवळपास हायड्रोजनसारखाच राहिला आणि ३एस पार खाली गेला. ५.१४ मधून ३.०४ वजा करा, २.१ उरतात, तोच आमच्या पेजेचा पिवळा रंग, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा.

असं का होतं ते सांगताना मी तिला शिमग्यातली पालखी आठवायला सांगितली. पालखीभोवती दहा जणांचं कडं आहे, बाहेरच्याला पालखी नीट दिसत नाही, तिची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोचते. आतले दहा इलेक्ट्रॉन तसेच केंद्रकाच्या ११ प्रोटॉनांची ओढ झाकून टाकतात. पण एस इलेक्ट्रॉनचा वावर त्या कड्याच्या आत अगदी केंद्रकापर्यंत असतो, तेव्हा त्याला पूर्ण ओढ बसते. पी चा तेवढा आत नसतो, आणि डी तर जवळपास बाहेरच. (कवच म्हंजे गोल रस्ता आणि त्यावर धावणारा ठिपका हे चित्र इथे सोडावंच लागतं, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच बोलता येतं.)

मग संध्याकाळी तिला विजयदुर्गला घेऊन गेलो, कारण प्रकाश रंगांत फोडून वर्णपट बघितला की हा पिवळा रेषेसारखा दिसतो, आणि सूर्यातल्या अशाच एका पिवळ्या रेषेची, हेलियमच्या रेषेची, गोष्ट तिथे सांगायलाच हवी होती. हेलियम वायू लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला विजयदुर्गात सापडला असं आपल्याकडे सर्रास सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि तिथूनच त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधला होता. मला वाटतं खरी हकीकत सांगितली तर किल्ल्याचं मोल तसूभरही कमी होत नाही, उलट एवढा मोठा शास्त्रज्ञ फक्त ग्रहण बघायला समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यावर आला ही केवढी गोष्ट आहे! सूर्यातली हेलियमची ती रेषा ५८७.६ नॅनोमीटरची, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ च्या जोडीला इतकी खेटून की सुरुवातीला सोडियमचीच समजली गेली. सोडियमच्या रेषेची जोडी का, तर इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे (हा त्याचा अंगचाच एक गुण) ३पी पातळीच जराशी दुभंगते.

परत येताना गाडीत तिने जो प्रश्न विचारला त्याने मला फार आनंद झाला. "मामा, तिसऱ्या कवचात १८ मावतात ना, मग पोटॅशियम २, ८, ८, १ का? २, ८, ९ का नाही?"

म्हटलं, उत्तर तू सकाळीच बघितलंस. पोटॅशियमच्या एकोणिसाव्याला दोन जागा आहेत, ३डी किंवा ४एस. आत आता १८ जणांचं कडं आहे. ३डी बाहेरच अडकतो, तिथून तो फक्त १.६७ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला असतो, ४एस आत शिरतो म्हणून ४.३४ ने. मग जास्त घट्ट कुठे? चौथ्यात! कॅल्शियमचा विसावाही तिथेच जातो, आणि ३डी भरायला सुरुवात होते ती २१ व्या स्कँडियमपासून. सोडियममध्ये एस आणि डी मध्ये जो फरक पडला तोच इथे इतका वाढला की चौथ्या कवचाचा एस तिसऱ्याच्या डी च्या खाली गेला.

ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली पोटॅशियमचा रंग पण बघायचा. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, जांभळट ज्योत यायला हवी, पण राखेत थोडं सोडियमही असतंच आणि त्याचा पिवळा इतका दांडगा की जांभळा दिसतच नाही. निळ्या कोबाल्ट काचेतून बघितलं की पिवळा गाळला जातो. राख काढून ठेवलीय, आता गणपतीच्या आत ती काच मिळवायचीय.