मेल पोरानंच लिहायचा

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेआठला आमच्या मैदानाच्या फाटकाशी एक टेबल लागतं. त्यावर नावांची यादी, बर्फाच्या पाण्याचे दोन कूलर, सनस्क्रीनच्या बाटल्या आणि एक पाटी. पाटीवरचं इंग्रजी सभ्य आहे, पण मतलब एवढाच: पालकांनी इथून मागे फिरावं. ही पाटी माझ्या बायकोनं २०१६ साली लावली. त्या पाटीपायी आमची चार गिऱ्हाइकं तुटली. पाटी अजून तिथंच आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ, हायस्कूलच्या मुलामुलींसाठी चार-चार दिवसांचे उन्हाळी सॉकर कॅम्प चालवतो. नववी ते बारावीची ही पोरं. कॉलेजच्या संघात जागा मिळवायची तर काय काय लागतं, त्याची तयारी करून घेणं हा आमचा धंदा. निम्मा दिवस मैदानावर, निम्मा दिवस भाड्याच्या शाळेतल्या वर्गात.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तिथं फुटबॉलला सॉकर म्हणालो असतो तर वेड्यात काढलं असतं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या बाहेरही तेवढीच गर्दी, आणि वर्ल्ड कप आला की गल्लीच्या या टोकाला ब्राझील, त्या टोकाला अर्जेंटिना. मी पेठेतल्याच एका तालमीच्या दुसऱ्या फळीत लेफ्ट हाफ खेळायचो. गुडघा गेला, इंजिनिअर झालो, २००५ मध्ये बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन इकडं आलो. पुढची नऊ-दहा वर्षं नोकरी आणि ग्रीन कार्डची वाट. ते हातात येईपर्यंत स्वतःचा धंदा काढायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसा विचारही नव्हता.

विचार आला तो एका फोनमुळे. २०१४ साली मुलगी दहावीत होती, क्लबकडून बरी खेळायची. कॉलेजच्या कोचना आपण होऊन लिहावं लागतं असं कुणीतरी सांगितलं. मी बसलो एका शनिवारी, आणि तिच्या नावानं चाळीस कॉलेजांना मेल धाडले. सगळे एकसारखे, वरचं नाव तेवढं बदललेलं. दोन ठिकाणी तेही बदलायचं राहिलं. आठवड्याभरानं पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या बाई कोचचा फोन आला. मी हर्षभरित होऊन मुलीच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, आमच्याकडं का यावंसं वाटतं? पोरीनं माझ्याकडं बघितलं, फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा, हे कुठलं कॉलेज?"

ती नजर मी विसरलेलो नाही. पुढं सहा महिने तिनं एकही मेल मला दाखवला नाही. स्वतः बारा कॉलेजं निवडली, स्वतः लिहिलं, आणि डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या, एका कॉलेजात चार वर्षं खेळली.

२०१५ मध्ये कार्ड आलं आणि आम्ही पहिला कॅम्प घेतला. आदल्या शरदात मंडळाच्या गणेशोत्सवात बटाटेवड्याच्या शेजारी स्टॉल लावून ठेवला होता. फलकावर मी लिहिलं होतं, 'सॉकर खेळा, स्कॉलरशिप मिळवा.' त्या फलकाची मला आज लाज वाटते. अकरा मुलं आली, फी २९५ डॉलर, मैदानाचं भाडं, विमा आणि ट्रेनरचे पैसे वजा जाता अठराशे डॉलर खिशातून गेले. तेवढं चाललं असतं. पण सप्टेंबरात एका वडिलांनी साधा प्रश्न केला: "अहो, किती जणांना मिळाली मग?"

मी हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं की आपण काय विकत होतो. त्या वेळी डिव्हिजन वनच्या मुलांच्या संघाला जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप द्यायची मुभा होती. नऊ पूर्णांक नऊ, ती सगळ्या संघात वाटायची. म्हणजे कुणाला पाव, कुणाला पुस्तकांपुरती, कुणाला काहीच नाही. मुलींच्या संघाला १४. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. आणि मुळात हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलग्यांतले पाच-सहाच एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशभरच्या संघटनेच्या, कुठल्याही डिव्हिजनमध्ये पोचतात, डिव्हिजन वनमध्ये तर जेमतेम एक. दोन घरांचे पैसे मी परत केले. फलक गॅरेजमध्ये उलटा करून ठेवला. त्याच्या पाठीवर आता चेंडूंची मोजदाद लिहितो.

दुसऱ्या वर्षी आम्हाला म्हातारा भेटला. आम्ही घरात त्याला म्हाताराच म्हणतो, तोंडावर कोच. कर्नीचा माणूस, हायस्कूलचा निवृत्त प्रशिक्षक. नेवार्कजवळच्या या गावात दोऱ्याच्या गिरण्यांमध्ये कामाला आलेल्या स्कॉटिश लोकांनी फुटबॉल रुजवला. १९९० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळलेले जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मिओला हे तिघंही तिथंच घडलेले. मी त्याला पेठांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग तुला काही समजावायला नको.

समजावायचं पुष्कळ होतं. मी मैदानावर ड्रिल लावत होतो: कोन, शिडी, पासिंग. तो म्हणाला, हे यांचे क्लब वर्षभर करतात, चार दिवसांत तू काय वेगळं शिकवणार? यांना अनोळखी पोरांबरोबर अकरा-अकराची मॅच खेळव. कॉलेजचा कोच ज्या स्पर्धेला येतो तिथं त्याच्यापुढं एकाच वेळी तीन मैदानं चालू असतात. तुझ्या पोराकडं तो सात-आठ मिनिटं बघणार. तेवढ्यात चेंडू त्याच्याकडं दोनदा येईल, कदाचित एकदा. मग कोच काय बघतो? चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत पोरगा काय करतो ते. हात वर करून पंचाकडं बघतो, की मागं वळून पळतो.

तेव्हापासून रोज सकाळी दोन मॅच, खांबावरच्या कॅमेऱ्यानं पूर्ण चित्रण, आणि दुपारी प्रत्येकाला स्वतःची फक्त चेंडू नसतानाची क्लिप बघायला लागते. पहिल्या दिवशी पोरं हसतात. आपला हात कमरेवर किती वेळ असतो हे कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी कमी हसतात.

मैदानाबद्दल आणखी लिहिण्यासारखं फार नाही. जुलैत दुपारी उकाडा असतो, चारच्या सुमाराला गडगडतं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही मैदानावर सोडत नाही. त्या अर्ध्या तासावरून आजवर जितके पालक माझ्यावर चिडलेत तितके कशावरूनच नाहीत.

आमची खरी कमाई वर्गातली. मंगळवारची दुपार मेलची. प्रत्येकानं एका कोचला मेल लिहायचा, स्वतःच्या शब्दांत. विषयाच्या ओळीत बारावी पूर्ण होण्याचं साल, खेळायची जागा, क्लब आणि जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), कारण कोच फोनवर तेवढंच वाचतो. आत त्या कॉलेजबद्दल एक वाक्य असं हवं, जे दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला पाठवता येणार नाही. या एका वाक्याला पोरांना तासभर लागतो. "तुमचं कॉलेज फार प्रतिष्ठित आहे" असं लिहिलं की म्हातारा कागदावर भोपळा काढतो. एकदा एका सेंटर बॅक, म्हणजे बचावात मधोमध खेळणाऱ्या, मुलीनं लिहिलं: "मी तुमची ऑक्टोबरची मॅच बघितली. तुमच्या दोन्ही सेंटर बॅक चौथ्या वर्षाला आहेत. मी येईन तेव्हा त्या नसतील." म्हाताऱ्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. तिला त्या कोचचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

बुधवारी फोन. एका खोलीत म्हातारा कोच बनून बसतो, दुसऱ्या खोलीतून पोरानं फोन लावायचा. सतरा वर्षांची, सहा फुटांची पोरं घामाघूम होतात. नियमाप्रमाणं डिव्हिजन वनचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच मुलांशी थेट बोलू शकतात, आणि १ ऑगस्टपासून कॉलेजभेटी सुरू. कितीतरी पोरं १४ जूनच्या रात्री बारापर्यंत फोन हातात धरून जागतात. बहुतेकांचा वाजत नाही. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी ती आमच्याकडं येतात. म्हणून तर आम्ही जुलै निवडलाय.

कोचला पाठवायच्या व्हिडिओचं एकच सांगतो. एका वडिलांनी नऊ मिनिटांची फिल्म बनवून आणली, ढोल-ताशासकट, पहिली चाळीस सेकंद पोराचं नाव आगीत जळताना. त्यांना चार मिनिटांवर आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आगीचा मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

माझ्या वडिलांना कोल्हापुरात हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पोरास्नी मेल ल्ह्यायला शिकवायचं पैसं घेतोस व्हय रे?" घेतो.

चुकाही केल्या. सगळ्यात मोठी २०१७ ची. एक चपळ विंगर होता, डिव्हिजन टूच्या एका कोचनं तोंडी शब्द दिला होता. आम्ही त्याचा खेळ बघितला, व्हिडिओ केला, फोनची तालीम घेतली. गुणपत्रिका नीट वाचली नाही. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या कचेरीला, हायस्कूलचे सोळा ठरावीक विषय लागतात, इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे. या पोरानं गणिताचा एक कोर्स उन्हाळ्यात ऑनलाइन उरकला होता, आणि तो त्यांच्या यादीत बसत नव्हता. बारावीच्या वसंतात कळलं तेव्हा दुसरा उपाय उरला नव्हता. तो दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात (इकडं ते बारावीनंतरचं, दोन वर्षांचं) खेळला आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात गेला. त्याच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्या वर्षापासून नावनोंदणीच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट घेतो आणि बायको स्वतः विषय टिकमार्क करते. डिव्हिजन वनला तर सोळातले दहा विषय बारावी सुरू व्हायच्या आतच पूर्ण लागतात, हे नववीच्या पालकांना सांगणं आमच्या चार दिवसांतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम.

२०२० मध्ये कॅम्प झाला नाही. सगळ्यांचे पैसे परत केले, मैदानाची अनामत बुडाली. डिव्हिजन वनच्या कोचना मार्च २०२० पासून मे २०२१ अखेरपर्यंत मुलांना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती, त्यामुळे व्हिडिओ हेच सर्वस्व झालं. आमची मुलगी तोवर पदवी घेऊन घरी आली होती; नोकरी लागेपर्यंत तिनं झूमवर पोरांच्या क्लिपा कापल्या. पण खरा मार पुढं बसला. कॉलेजातल्या खेळाडूंना खेळायला एक जादा वर्ष मिळालं, ते तिथंच राहिले आणि २०२१ च्या बॅचला जागाच उरल्या नाहीत. त्यावर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. कोचला एकवीस वर्षांचा तयार मिडफिल्डर एका क्लिकवर मिळत असेल तर तो आमच्या सतरा वर्षांच्या पोराला कशाला घेईल? हा प्रश्न पालक आजही विचारतात. माझं उत्तर: काही ठिकाणी घेणारच नाही, आणि ती ठिकाणं यादीतून आज काढायची.

ती यादी हाच आता आमचा मुख्य माल आहे. शेवटच्या दिवशी पोराबरोबर बसतो. तीन रकाने: जिथं तू आज खेळू शकतोस, जिथं दोन वर्षांत खेळू शकशील, आणि जिथं तुला आवडेल पण खेळायला मिळणार नाही. तिसरा रकाना पोरं स्वतः भरतात, आम्ही नाही. आश्चर्य म्हणजे ती बरोबर भरतात. पालकांना त्यातली नावं नंतर कळतात, आणि फोन मग मला येतो. डिव्हिजन थ्री म्हटलं की आपल्या लोकांचा चेहरा पडतो, जणू नापास झाला. मी त्यांना सांगतो, खेळाचे पैसे नसले तरी अभ्यासाच्या जोरावर आणि घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते, कोचचा शब्द प्रवेशाच्या वेळी कामी येतो, आणि तुमचा मुलगा बाकावर बसून चार वर्षं काढणार नाही.

जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात कोर्टात तडजोड झाली आणि नियम पुन्हा बदलले. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची जुनी मर्यादा उरली नाही, पण संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू. ९.९ चं गणित मी दहा वर्षं फळ्यावर मांडत होतो, ते पुसलं. स्कॉलरशिप वाढतील म्हणून लोक खूश होते; मला दिसत होती ती विनास्कॉलरशिप संघात शिरणारी पोरं, ज्यांच्यासाठी तिसावी-बत्तिसावी जागा असायची.

त्याच जूनमध्ये आमचा धाकटा दहावी संपवून बसला होता. उजवा बॅक, बहिणीपेक्षा सावकाश, बहिणीपेक्षा हट्टी. १४ जूनच्या रात्री मी बारापर्यंत उगाच दिवाणखान्यात कागद चाळत बसलो. त्याचा फोन वाजला नाही. सकाळी उठून त्यानं पोहे खाल्ले आणि सरावाला गेला.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी तो माझ्याच गाडीतून मैदानावर आला. त्याची बॅग मी डिकीतून काढली, आणि सवयीनं त्याच्याबरोबर फाटकाकडं चालू लागलो. टेबलाशी बायको होती. तिनं त्याच्या नावापुढं खूण केली, त्याला पाण्याची बाटली दिली, आणि माझ्याकडं न बघता पाटी माझ्या बाजूला वळवली.

चार दिवस मी मुलींच्या मैदानावर होतो. त्याच्या तीन रकान्यांचा कागद म्हाताऱ्यानं भरून घेतला. कुठल्या कॉलेजांना त्यानं मेल पाठवले ते मला ठाऊक नाही. बायकोला ठाऊक असावं, पण ती सांगत नाही.