चिऱ्याच्या भिंतीवर टिकेल असा फोटो

मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की निसर्गाचे फोटो काढते. खाजनं म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, सडे म्हणजे डोंगरावरची सपाट कातळं, चोर्ल्याचा घाट, दिवाडीची फेरीबोट. फोटो विकायचे असं ठरवून काही सुरू झालं नाही. शेजारच्या वहिनींनी दुर्भाटच्या खाजनाचा फोटो माझ्या मोबाइलवर पाहिला आणि म्हणाल्या, "हा हॉलमध्ये लावायला मोठा करून दे. पैसे घ्यायचे हां, फुकट नको." पैसे घ्यायचे म्हटल्यावर किमतीच्या आधी माझ्या मनात दुसराच प्रश्न आला. हा फोटो त्यांच्या भिंतीवर किती पावसाळे काढेल?

गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आमची घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, गिलावा जुना झाला की भिंत ओल धरते. आमच्या मूळ घरात आजोबांचा फोटो काचेला असा चिकटलाय की सोडवायला गेलं तर चेहराच निघून येईल. आमच्या कामात गोळ्या 40 अंश तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत महिनोन्महिने ठेवून त्यांची परीक्षा घेतात. तशी यंत्रं घरी नाहीत, पण पावसाळा होता.

मग एकच फोटो तीन तऱ्हांनी छापून घेतला: स्टुडिओतली नेहमीची चकचकीत लॅब प्रिंट, पिगमेंट शाईत (जिच्यात रंगाचे बारीक कण असतात) लस्टर म्हणजे मंद चकाकीच्या कागदावर एक, आणि तशाच शाईत सुती मॅट म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर एक. त्यांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकला म्हणजे उजेडाने रंग किती उडतो ते शेजारी शेजारी दिसेल, आणि त्या घरभर टांगल्या. काही काचेला भिडवून, काही काचेपासून अंतर ठेवून. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे पावसाचा मारा थेट बसतो. स्वयंपाकघरात. आणि मधल्या खोलीत, जिथे चारही भिंती आतल्या आहेत.

गणेश चवथ झाल्यावर सगळ्या उतरवल्या. काचेला भिडलेली लॅब प्रिंट पश्चिमेच्या भिंतीवर दोन ठिकाणी काचेला धरली होती. लॅब प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो, ओल लागली की तो मऊ पडतो, आणि बुरशीलाही तो आवडतो. सुती कागदावर डाग नव्हता, पण तो लहरी झाला होता, कारण मी तो चारही कडांनी चिकटवला होता आणि कागदाला फुगायला जागाच नव्हती. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांवर तेलाची चिकट पुटं. मधल्या खोलीत तिन्ही कागद जसेच्या तसे. फॉइलखालच्या आणि उघड्या भागात एवढ्या काळात डोळ्यांना फरक दिसला नाही. रंग उडण्याचा हिशोब वर्षांचा असतो, तरी उजेडात डाय म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा पिगमेंट शाई जास्त तग धरते म्हणून ग्राहकाची प्रिंट पिगमेंटमध्येच काढायची हे तिथे पक्कं झालं.

सगळ्यात जास्त वेळ फ्रेमने घेतला, आणि घेऊ द्यावा असं माझं मत आहे. आमच्याकडचे फ्रेमवाले काका देवांच्या तसबिरी करतात, त्यांचा हात फार सफाईचा. पण पद्धत ठरलेली: काच, लगेच फोटो, मागे हार्डबोर्ड, चार खिळे. मी काच आणि प्रिंटच्या मध्ये आम्लविरहित माउंटबोर्ड, म्हणजे अंतर ठेवणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, मागितला तेव्हा ते म्हणाले, "बाये, हो पुठ्ठो कित्याक जाय?" म्हणजे हा पुठ्ठा कशाला हवा? मी आजोबांच्या फोटोची गोष्ट सांगितली. अशा चिकटलेल्या तसबिरी दुरुस्तीला त्यांच्याकडेही येतात, त्यामुळे पुढचं काही समजवावं लागलं नाही. आता प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांनी टांगलेली असते, खाली आणि बाजूंना मोकळी. मागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड म्हणजे प्लास्टिकच्या फोमचा हलका बोर्ड, कारण हार्डबोर्ड ओल पितो आणि फुगतो. मागची फट कागदी टेपने बंद. आणि खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या गोळ्या, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळते. ही रबराची युक्ती काकांची. चार पैशांची वस्तू, पण चिऱ्याच्या घरात तिच्याइतकं उपयोगी काही नाही.

रंगांचं काम छपाईवाल्यासोबत बसून केलं. पडदा आतून उजळलेला असतो आणि कागद खोलीतल्या उजेडावर दिसतो, म्हणून पडद्याची चमक भरपूर ठेवून फोटो तयार केला की तो कागदावर काळपट येतो. मी पडदा बराच मंद केला, छपाईवाल्याकडून त्याच्या प्रिंटर आणि कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) घेतली आणि छापण्याआधी पडद्यावरच अंदाज पाहायला लागले. श्रावणातल्या शेतांचा हिरवा आणि सड्यावर उमलणाऱ्या सीतेच्या आसवांचा जांभळा, हे दोन रंग पडद्यावर असतात तसे कागदावर उतरत नाहीत. जांभळा निळ्याकडे झुकतो. तिथे रंग आणखी भडक करण्यापेक्षा थोडा उतरवला तर पाकळीची घडी तरी दिसते. चोर्ल्याचं धुकं मॅट कागदावर सुंदर येतं, पण रात्रीच्या मांडवी नदीला लस्टरच हवा, कारण मॅटवर काळा रंग तेवढा गडद होत नाही.

आकाराचं गणित सोपं आहे. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 6000 बाय 4000. इंचाला 300 ठिपके धरले तर 20 बाय 13 इंचांपर्यंत निर्धास्त छापता येतं. 16 बाय 24 ला इंचाला 250 पडतात, तेही चालतात, कारण तेवढा फोटो कोणी नाक लावून पाहत नाही. मी 8 बाय 12, 12 बाय 18 आणि 16 बाय 24 एवढेच आकार ठेवले. तिन्ही कॅमेऱ्याच्या प्रमाणातच बसतात, काही कापावं लागत नाही. 8 बाय 10 मागणाऱ्याला मी नाही म्हणते. खाजनाच्या फोटोत कडेचा बांध कापला तर उरतं ते नुसतं पाणी.

ऑनलाइन दाखवायचा फोटो लांब बाजूला 1200 पिक्सेलच ठेवते. कोणी उतरवून छापलाच तर चार इंचांपलीकडे धड येत नाही.

किंमत ठरवताना छपाई, कागद, वेष्टन, फ्रेमवाल्याकडच्या फेऱ्या आणि खराब निघणाऱ्या प्रिंट्स असा सगळा खर्च मांडला आणि त्याच्या अडीचपट किंमत लावली. वहिनींना ती सांगताना आवाज खाली जाऊ दिला नाही. दुकानात किंवा कॅफेत फोटो ठेवला तर ते साधारण तिसरा हिस्सा घेतात, तो धरूनही माझ्या हाती काही उरायला हवं, आणि दुकानात व घरी एकच दर हवा. घरी स्वस्त दिला तर दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक फोटोच्या 25 प्रती, त्यापुढे नाही. क्रमांक आणि सही खालच्या पांढऱ्या पट्टीत मऊ पेन्सिलीने. सोबत एक कागद देते: शाई कोणती, कागद कोणता, कधी छापला, कुठल्या भिंतीवर लावू नये.

कराची चौकशी मी आधीच केली. माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. माझी विक्री त्याच्या जवळपासही जाणार नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ही सवलत चालत नाही, पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. नोंदणीला शुल्क नाही, पण विक्री शून्य असली तरी विवरणपत्रं भरत राहावं लागतं. नोकरी सांभाळून ते नको म्हणून मी सध्या गोव्यातच विकते. मिळकत थोडी असली तरी आयकराच्या विवरणपत्रात दाखवते.

गोव्यातच विकायचं ठरवल्याने घेणारे कोण हेही स्पष्ट झालं. फोंड्यात एका सभागृहाच्या आवारात दोन मित्रांसोबत फोटो मांडले तेव्हा वागातोरच्या सूर्यास्तासमोर लोक थांबायचे, छान म्हणायचे आणि पुढे जायचे. समुद्र स्कूटरवर तासाभरात भेटतो, तो घरात कशाला टांगायचा? विकली गेली ती खाजनं, मयेचं तळं, पावसातला सडा. चवथीला मुंबईहून गावच्या घरी आलेल्या एका गृहस्थांनी त्या घरासाठी मानशीचा फोटो घेतला. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी ते बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतल्या पाण्याने ते आपोआप उघडतं. फोटोत ते अर्धं उघडं आहे. त्यांनी पाहिलं आणि पत्नीला सांगायला लागले की आजा रात्री इथे जाळं लावून सुंगटं म्हणजे कोळंबी धरायचा.

तेव्हापासून मी फोटोखाली 'संध्याप्रकाश' वगैरे नावं लिहीत नाही. वाडा (गावातली वस्ती), गाव, महिना, भरती की ओहोटी एवढंच मराठीत लिहिते. लोक ते वाचतात, चुकलं असेल तर दुरुस्त करतात. एका आजीने बांधाचं जुनं नाव सांगितलं, ते पुढच्या प्रतींवर आलं.

डिचोलीकडच्या खाणीने अर्धा कापलेल्या डोंगराचा एक फोटो मी प्रत्येक वेळी या सगळ्यांच्या शेजारी ठेवते. तो अजून कोणी घेतलेला नाही. तोही आमचाच डोंगर आहे. त्याचा दर इतरांइतकाच आहे, तो मी कमी करणार नाही आणि फोटो मांडणीतून काढणारही नाही.