चिपीच्या सड्यावर

खिडकीची सीट मी पैसे मोजून घेतली होती, म्हणून सुरुवातीलाच मनात आलेला राग कबूल करून टाकतो. मुंबईहून सिंधुदुर्गाचं, म्हणजे चिपीचं विमान, २०२२ ची गणपतीची गर्दी. मी मागच्या दाराने चढून (या छोट्या एटीआर विमानात माणसं शेपटीकडून चढतात, पुढे सामान असतं) माझ्या रांगेशी पोचलो, तर तिथे नऊवारीतल्या एक आजी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. पिशवीतून कापडात गुंडाळलेली समई डोकावत होती. "आजी, ही सीट माझी," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. एवढंच. मी मुकाट्याने शेजारी बसलो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी आजीशी भांडणारा चाकरमानी व्हायची माझी तयारी नव्हती.

खरं म्हणजे ते तिकीट मिळालं यातच मी खूश होतो. केंद्राच्या 'उडान' योजनेत तासाभराच्या विमानाच्या निम्म्या सीट अडीच हजारांच्या आसपास ठेवायच्या असतात. उरलेल्या बाजारभावाने जातात, आणि गणपतीतला बाजारभाव काय असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. स्वस्तातली सीट मला कशी मिळाली हे अजून कळलेलं नाही. बहुतेक रात्री दोनला जागा होतो म्हणून.

विमान सुटलं. आजींना भीती वगैरे काही वाटत नव्हती. त्या लग्न होऊन मुंबईला आल्या त्या वेंगुर्ल्याहून बोटीने, भाऊच्या धक्क्यावर. मग एसटीची वर्षं. मग कोकण रेल्वे झाली आणि कुडाळपर्यंत गाडी आली. आता हे. "बोटीत वकाऱ्यो, एसटीत वकाऱ्यो. हयसर नाय," एवढा त्यांचा अभिप्राय. माझ्या पोटात तेव्हा थोडं हलत होतं, पण ते मी सांगितलं नाही.

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. मला दिसत होती ती आजींच्या अंबाड्याच्या पलीकडून. खाली ढग होते. पायलटने एक घिरटी घातली आणि विमानात एकदम शांतता पसरली, कारण पावसाळ्यात ढग हटले नाहीत तर विमान माघारी फिरतं हे सगळ्यांना माहीत होतं. मग ढग फाटले. समुद्र, कर्लीच्या खाडीचं वळण, माडांची गर्दी, आणि वर तो सपाट हिरवागार सडा. उन्हाळ्यात हाच सडा जळक्या तव्यासारखा काळा असतो. जांभ्याचं कातळ, वर बोटभर माती. पावसात त्यावर गवत आणि बारीक फुलं. कोकणात एवढी सपाट जागा सड्यावरच मिळते, म्हणून अडीच किलोमीटरची धावपट्टी तिथे बसली.

"आमची गुरां ह्याच सड्यार चरत होती," आजी म्हणाल्या. आता हळवं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावलो.

"सड्याचे पैसे भावाक गावले," त्या म्हणाल्या. "माका साडी."

विमान टेकलं.

या विमानतळाबद्दल पेपरात बरंच येऊन गेलंय. २०१८ च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी इथे पहिलं चाचणी विमान उतरलं. प्रवाशांसाठी तो सुरू व्हायला मात्र ९ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. त्या दिवशी उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका मंचावर होते, आणि विमानापेक्षा भाषणंच जास्त गाजली. पुढे २०२२ च्या डिसेंबरात गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. बांदा-सावंतवाडीकडच्या लोकांना तो जवळचा, ते तिकडे वळले. 'उडान'ची तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईचं हे विमान बंदच पडलं. मला याचा राग येतो. विमान चैनीसाठी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरात कोणी अत्यवस्थ असताना मुंबई-गोवा महामार्गावरून रात्र काढून बघावी. पण साडीची गोष्ट ऐकल्यापासून हा राग पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही.

बाहेर आलो तर आजींना न्यायला कोणी नव्हतं. भाचा येणार होता, त्याचा फोन लागेना. माझ्या रिक्षात त्यांना घेतलं. त्यांचं माहेर तिथलंच, सड्याच्या पलीकडच्या उतारावर. मला वाटलं, पाच मिनिटांत सोडू. रिक्षा कुंपणाच्या भिंतीला लागून निघाली, आणि भिंत काही संपेना. डावीकडे भिंत, उजवीकडे काजू, वर पाऊस. आजी त्या भिंतीकडे टक लावून बघत होत्या.

"आमची पायवाट थयसून होती," त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "थयसूनच पाणी घेवन घराक जावचा."

रिक्षावाला हसला. "आजये, आता थयसून फक्त इमान जाता."

"मुंबयसून दीड तासात इलंय," आजी म्हणाल्या, "आणि माहेराक जावक हो एवढो वळसो."

त्या चिडलेल्या नव्हत्या. हिशोब सांगावा तसं बोलल्या. वीसेक मिनिटांनी एका पाणंदीच्या तोंडाशी त्यांनी रिक्षा थांबवली. समईची पिशवी मीच उतरवून दिली. ती भलतीच जड होती. भाड्याचे पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत, त्यावर दोन मिनिटं वाद झाला आणि त्या हरल्या.

गावात दिवस कसे गेले कळलं नाही. आरत्या, जागरणं, भजनं आणि मोदकांनी आलेली सुस्ती.

हां, पाणंदीत शिरता शिरता आजी मागे वळल्या होत्या. "झिला, तू परत कधी जातलस?"

"सातव्या दिवशी."

"मी पण. परतीक खिडकी तुझी हां."

माझं परतीचं तिकीट कुडाळहून रात्रीच्या गाडीचं होतं, तेही वेटिंगवर. मी नुसती मान हलवली.