कर भरतो, मग गरिबांसाठी आणखी काय करायचं?

हा प्रश्न मला दोन टोकांनी विचारला जातो. काही जण म्हणतात, ‘आम्ही कर भरतो. गरिबांचं बघणं सरकारचं काम. पुन्हा खिशात हात का घालायचा?’ दुसरे म्हणतात, ‘सरकारी योजनांतलं कुणाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा घरी काम करणाऱ्या मावशींना दिवाळीला हजार रुपये दिले की निदान पोचतात तरी.’ तुम्ही विचारलंत म्हणून दोघांनाही सांगते.

महाराष्ट्रात पगारदार असाल तर आपली पगाराची पावती काढून बघा. ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले बहुधा दिसतील, वर्षाचे 2,500. हा कर 1975 साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली आणि 1972 च्या दुष्काळात वाढवलेली ही योजना राज्यभर चालवायची, तर पैसा लागणार होता. शहरातल्या नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी कर द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं, अशी ती रचना होती. म्हणजे तुमचा पैसा आधीच गेलेला आहे, आणि तो सरकारमार्फतच जायला हवा. दर महिन्याचं धान्य, विधवेचं अनुदान, हृदयाचं ऑपरेशन हे कुणाच्या चांगुलपणावर सोडण्याचे विषय नाहीत. चांगुलपणा ओळखीच्या माणसापाशी थांबतो, एखाद्या महिन्यात विसरतो. हक्काला तसं करून चालत नाही.

पण हा हक्क माणसापर्यंत पोचतो तो कागदांवरून. कागद जुळवायला वाचता यावं लागतं, वेळ लागतो आणि एका दिवसाची मजुरी बुडवण्याची ऐपत लागते. ज्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी नसतात, नेमक्या त्यांच्यासाठीच या योजना असतात. आपली जबाबदारी मला इथे दिसते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं बघा. ती 1980 पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजाराने काम सुटलेले अशांना महिन्याला किमान 1,500 रुपये मिळतात. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. वर्षाचे 18,000 झाले; दिवाळीचे हजार त्यापुढे किती? तरी अर्ज अडतो, आणि बहुतेक वेळा तो अधिकाऱ्याने नाकारल्यामुळे नव्हे, तर ‘त्रुटीत’ निघाल्यामुळे, म्हणजे एखादा कागद कमी किंवा चुकीचा असल्यामुळे. विधवेच्या अर्जात सगळ्यात जास्त अडवतो तो नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. माणूस गावी, घरीच गेला, कुणी नोंद केली नाही, आणि दाखल्याची गरज पडते दोन-तीन वर्षांनी. मृत्यूची नोंद 21 दिवसांत फुकट होते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, वर्षाच्या आत वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून ओळखीच्या गरीब घरात कुणी गेलं, तर दहाव्याला पैसे द्याच, पण ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद झाली का हेही विचारा. झाली नसेल तर कुणाला तरी सोबत घेऊन ती करून द्या. तेव्हाचा एक तास पुढचे कितीतरी हेलपाटे वाचवतो.

दुसरी त्रुटी नावाची. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, रेशनकार्डावर नुसतं ‘लक्ष्मीबाई’. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा, जन्मतारखेसकट. आधी आधार दुरुस्त करायचं, मग त्यावरून बँक, मग रेशनकार्ड. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं. त्यानंतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा आणि वयाचा पुरावा जोडून अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात द्यायचा. पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. मंजुरी समितीच्या बैठकीत होते. एक कागद कमी पडला तर अर्ज पुढच्या बैठकीवर जातो, आणि ती कधी भरेल हे अर्जदाराच्या हातात नसतं.

अर्ज मंजूर झाला आणि तरीही पैसे आले नाहीत, हे तर फारच वेळा घडतं. अशा वेळी ‘कुणीतरी खाल्ले’ असं समजून लोक गप्प बसतात. खरं कारण बहुधा वेगळं असतं. थेट खात्यात येणारं अनुदान खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारवर येतं, आणि ते त्या खात्यात पडतं जे आधारशी सगळ्यात शेवटी ‘सीड’ झालं, म्हणजे अनुदान जमा होण्यासाठी जोडलं गेलं. गरीब माणसाची खाती अनेकदा दोन-तीन असतात: जुनं जनधनचं, बचत गटासाठी काढलेलं, कुठल्या तरी कर्जासाठी काढायला लावलेलं. पासबुक एकाचं हातात, पैसे दुसऱ्यात. बँकेतला माणूस ‘आधार लिंक आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी झालीय, एवढाच असू शकतो. सीडिंग वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघता येते. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, तिथे आधी चौकशी करा. ते खाते बंद असेल तर चालू खात्याच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. हे काम तुमच्या फोनवर दहा मिनिटांचं आहे. मावशींना त्यासाठी सेवा केंद्रात रांग लावून पैसे मोजावे लागतात. मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं, म्हणून ती तारीख आपल्या फोनमध्ये टाकून ठेवा.

रेशनचं थोडक्यात. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य गटातल्या गरीब कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब गटातल्या कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य गटाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 आणि ग्रामीण भागात 44,000 रुपये. नुसतं केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळतंच असं नाही, त्यावर प्राधान्य गटाचा शिक्का लागतो. कार्ड गावचं आणि माणूस पुण्यात असेल, तरी कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर ते चूक आहे, आणि हे सांगायला सोबत एक सुशिक्षित माणूस उभा असला की उत्तर बदलतं. अंगठा उमटत नाही ही गवंड्यांची आणि भांडी घासणाऱ्या बायकांची नेहमीची अडचण. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, म्हणून सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं असलं पाहिजे.

आता दवाखाना, कारण घर कर्जात बुडतं ते इथे. आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार, संलग्न रुग्णालयात, एकही पैसा न भरता. दाराशीच ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होण्याआधी त्याला भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. उपचार या योजनेत बसत नसेल किंवा रुग्णालय संलग्न नसेल, तर ते धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासाने चालवलेलं आहे का ते बघायचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत, दुर्बल म्हणजे 3,60,000 पर्यंत. खर्च रुग्णालयाने एकूण बिलांच्या 2 टक्के बाजूला काढून ठेवलेल्या निधीतून होतो. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही.

तरी चुकतं कुठे? घरचे घाबरून आधी अनामत भरतात, रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि डिस्चार्जच्या दिवशी ‘आम्ही गरीब आहोत’ म्हणतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी गाठायचं, अर्ज द्यायचा आणि फाइलवर ‘निर्धन रुग्ण’ अशी नोंद करून घ्यायची. उत्पन्नाचा दाखला आजारपणाच्या आधीच काढलेला असेल तर उत्तम. ‘खाटा भरल्यात’ असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटांची माहिती असते, तिच्याशी ताडून बघा आणि तफावत असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या. तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवता येत नाही, त्याला स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात.

मग आपला पैसा द्यायचाच नाही का? द्यायचा, जिथे योजना पोचत नाही तिथे. ऑपरेशन मोफत झालं तरी सोबतच्या माणसाचं जेवण, रिक्षा, बुडालेला रोज आणि दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधांचं निम्मं बिल हे उरतंच. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाहून येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. कॅन्सरचा उपचार रुग्णालयाने करायचा आणि डोक्यावर छप्पर समाजाने द्यायचं, ही वाटणी मला अतिशय योग्य वाटते. अनुदान मंजूर होईपर्यंतच्या महिन्यांचा किराणा हाही असाच. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी मदत म्हणजे भरपगारी सुट्टी. तहसीलला जायला मावशींना दोन दिवस पगार न कापता सोडा, आणि ते आधीच सांगा, म्हणजे त्या मागायला संकोचणार नाहीत. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला मालकाचं प्रमाणपत्र लागतं. ते सही करून द्या, त्यात तुमचं काहीही अडकत नाही. घराचं काम काढलं असेल तर कंत्राटदाराला सांगा, मजुरांना 90 दिवसांच्या कामाचा दाखला दे, कारण बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी त्यावर होते.

मावशींच्या सरकारी विम्याचे वर्षाचे 456 रुपयेही तुम्ही भरू शकता: अपघाताच्या सुरक्षा विम्याचे 20 आणि जीवनज्योती या आयुर्विम्याचे 436, प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण. जीवनज्योतीत नाव पन्नाशीपर्यंतच घालता येतं. हप्ता मे अखेरीस त्यांच्या बँक खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात शिल्लक नसेल तर विमा गेला, आणि घरात कुणाला त्याची कल्पनाही नसते. विमा आहे हे वारसाला माहीत असणंही तितकंच गरजेचं, नाहीतर दावाच दाखल होत नाही.

उशीर झाला तर साहेबांपुढे हात जोडू नका. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. मुदत उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अपिलाला पोचपावती लागते, म्हणूनच वर तिच्यावर इतका जोर दिला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही धावपळीने सुटत नाही. निराधार योजनेसाठी सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. आजच्या महाराष्ट्रात दोन घरची धुणी-भांडी करणारी बाईही त्यात बसत नाही. हे तहसीलदार बदलू शकत नाही, तुमची देणगी बदलू शकत नाही, फक्त शासन निर्णय बदलू शकतो. तुमच्या आमदारांना पत्र लिहा. त्यात हा आकडा लिहा, तुमच्या प्रभागात नुसत्या या मर्यादेमुळे किती अर्ज बाद झाले तो आकडा माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाने मागवून तोही जोडा, आणि अधिवेशनाच्या आधी द्या, म्हणजे त्यावर प्रश्न विचारता येईल.