कर्ण्याचं तोंड वॉर्डाकडे

आमच्या मंडळाच्या गणपतीत एक नियम कुठंही लिहिलेला नव्हता, पण तो कुणी मोडलाही नाही. कर्ण्याचं तोंड शेजारच्या क्षयाच्या हॉस्पिटलच्या वॉर्डाकडे ठेवायचं. त्यामुळे मांडवात पुढं बसणाऱ्यांना नाटक नीट ऐकू यायचं नाही आणि कुंपणापलीकडच्या व्हरांड्यात खाटांवर बसलेल्या पेशंटना मात्र शब्दन् शब्द कळायचा. आरतीलाही तसंच. पलीकडून टाळ्या आल्या की आमच्या टाळ्यांना जोर चढायचा.

ही वाडी म्हणजे सांगली आणि मिरजेच्या मधली वानलेसवाडी. मिरजेत 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव इथल्या क्षयाच्या सॅनिटोरियमला मिळालं आणि मग वस्तीलाही. आमचं घर या वाडीत रुजलं ते आप्पांमुळं, म्हणजे आईच्या वडिलांमुळं. 1948 साली ते पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं मिरजेला उतरले, रुमालात रक्त घेऊन. आज्जी दोन लेकरांसह मागं राहिली. गावात सांगितलं होतं, नोकरी लागली आहे म्हणून.

स्ट्रेप्टोमायसिन निघालं होतं, पण आप्पांसारख्यांच्या खिशाला ते कुठलं परवडायला! उपचार म्हणजे मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, माशाचं तेल. आता माळकरी माणसानं अंडी खायची कशी? आप्पा गळ्यातली माळ काढून खाटेच्या दांडीला अडकवायचे, अंडं खायचे, चूळ भरायचे, माळ परत घालायचे. "विठोबाला सांगून खातोय," म्हणायचे. तेलाच्या वेळी मात्र विठोबाचाही इलाज चालत नसे, तोंड वाकडं व्हायचंच.

मग हवा भरणं. बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा सोडायची, म्हणजे ते आक्रसतं, त्याला विश्रांती मिळते आणि आतली पोकळी मिटायला वाव मिळतो. आप्पांचं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे हवा शिरेना. शेवटी दोन खेपांना मिळून डाव्या बाजूच्या सात बरगड्या काढल्या, त्याही फक्त जागा बधिर करून. हाड कापल्याचा आवाज ऐकू येत होता, एवढंच ते सांगत. त्याहून जास्त आम्हीही विचारलं नाही. माणूस वाचला, डावा खांदा कायमचा खाली आला. बरे होऊन तिथंच स्टोअरमध्ये कामाला लागले आणि आज्जीला बोलावून घेतलं.

तर हा खांदा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून या पट्ट्यातल्या प्रत्येक मंडळाला नाटकाची खाज आहेच. आमच्याकडं महाभारतातला प्रवेश ठरलेला आणि शकुनी म्हणजे आप्पाच. खांदा वाकडा, मेकअपची गरज नाही. एका फुप्फुसावर मोठं वाक्य पेलायचं नाही, म्हणून मध्येच थांबायचे, फासे हातात घोळवायचे, श्वास घ्यायचे, मग उरलेलं वाक्य. लोकांना वाटायचं, काय कसलेला नट आहे! विंगेत पुस्तक धरून बसायच्या हॉस्पिटलच्या एक सिस्टर, ख्रिस्ती, नगरकडच्या. आप्पा कुठं दम खायला थांबलेत आणि कुठं विसरलेत, हे फक्त त्यांनाच कळायचं. याची परतफेड डिसेंबरात व्हायची. त्यांच्या नाताळच्या कार्यक्रमात तीन ज्ञानी लोकांपैकी एक आमचा माळकरी असायचा.

असल्याच एका गणपतीत मावशीला बघायला मंडळी आली होती. वाडीचा पत्ता ऐकून आधी दोन स्थळं परत गेलेली. मुलाचे वडील मांडवात बसले, शकुनी बघितला, खूश झाले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी सदरा वर करून पाठीवरचा व्रण दाखवला, असं आई सांगते. मावशी म्हणते, काही नाही, चहा देताना मीच सगळं सांगून टाकलं. लग्न मात्र ठरलं, आणि पुढच्या वर्षी काकांनाच दुःशासन करायला उभं केलं.

पुढं कुंपणापलीकडचा प्रेक्षक कमी होत गेला. मद्रासच्या 1959 च्या अभ्यासातून दिसलं होतं, की गोळ्या नियमित घेतल्या तर घरी राहूनही क्षय तितकाच बरा होतो. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचं कारणच उरलं नाही. याहून चांगली बातमी नाही, पण माझ्या लहानपणी निम्मा व्हरांडा रिकामा असायचा आणि कर्णा तरीही तिकडंच.

आता स्पीकरच्या भिंती उभ्या करतात, त्यांची तोंडं रस्त्याकडं, आणि नाटकाच्या जागी रेकॉर्ड डान्स. मला आवडत नाही. माझं वय झालं म्हणा. पण मंडळाची पोरं गोड आहेत. मागच्या वर्षी फ्लेक्ससाठी जुने फोटो मागायला आली. मी शकुनीचा दिला. दुसऱ्या दिवशी चौकात बघते तर खाली मोठ्या अक्षरांत 'संस्थापक अध्यक्ष'. अध्यक्ष कसले! जुन्या वर्गणीच्या वहीत आप्पांच्या नावापुढं दोन वर्षांची बाकी अजून तशीच आहे. पोरांना दाखवली, तर म्हणाली, "आज्जी, मग आता तुम्हीच भरा की."